पुस्तक मिटून सांग

५ जानेवारी, सोमवार

बांधणी खात्यातून ही कोरी प्रत मिळाली. पुस्तक छापण्याआधी ते किती जाड होईल हे बघायला कोऱ्या कागदांचं असं एक पुस्तक बांधतात. ज्याच्यासाठी ही बांधली ते पुढे छापलंच गेलं नाही. निळा पुठ्ठा, दोनशे पानं. बांधणीवाले म्हणाले, "न्या ताई, नाहीतरी रद्दीतच जायची."

दैनंदिनी लिहायचा विचार माझा नव्हे. परीक्षेच्या वर्गाला शिकवायला नवीन मुलगी आली आहे, तिने सांगितलं. रोज पुस्तक मिटायचं आणि जे आठवेल ते लिहायचं, पुस्तकात न बघता. मी विचारलं, "आणि अभ्यास कधी करायचा?" ती म्हणाली, "हाच अभ्यास."

वय असेल सत्तावीस. अंबाड्यात पेन खोचते आणि मग तासभर पेन शोधते.

तर आजचं. दफ्तराचे नियम, प्रकरण पहिलं. कागदांचे तीन वर्ग असतात. कायम ठेवायचे, ठरावीक वर्षं ठेवायचे आणि

तिसरा आठवत नाही.

६ जानेवारी

तिसरा: काम संपलं की नष्ट करायचे.

पुस्तकात बघून लिहिलं. बघून लिहिलं हेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःलाच फसवणं नको.

१० जानेवारी, शनिवार

वर्गात शोभा झाली.

आम्ही अकरा जण आहोत, सगळे छापखान्यातलेच. मार्चअखेर तपासणी खातं बंद होणार. प्रुफं आता संगणक तपासतो. अठ्ठावीस मार्चच्या परीक्षेत जे पास होतील ते वरच्या मजल्यावर दफ्तर खात्यात जातील, बाकीच्यांना चार तासांवरच्या गावी कागदाच्या गोदामात पाठवतील. मी दोनदा बसले, दोनदा नापास झाले. ही तिसरी आणि शेवटची खेप. गोदामात काम वाईट नसेल. पण हे घर सोडावं लागेल. लेक सुट्टीत घरी येते ती या घरी येते.

तर शोभा. मी माझ्या तीन वह्या दाखवल्या. अख्खं पुस्तक तीनदा उतरवून काढलं आहे, शीर्षकं लाल शाईत. शिकवणारीने पानं उलटली. "किती सुंदर अक्षर आहे हो ताई." मी फुगले. मग ती वही मिटून म्हणाली, "चौथ्या प्रकरणात काय आहे ते सांगा बघू."

मला फक्त आठवलं, की चौथं प्रकरण उजव्या पानावर सुरू होतं.

मशीनवाले भाऊ हसून म्हणाले, "ताई, वही मला द्या. मी नापास झालो तरी अक्षराचे मार्क मिळतील." सगळे हसले. मीही हसले. हसायला काय लागतं?

खरी गंमत घरी आल्यावर कळली. नियमांच्या पुस्तकाचं दुसरं पान बघितलं, छपाईचं साल वाचलं आणि आठवलं, की बारा वर्षांपूर्वी हे पुस्तक आम्हीच तपासलं होतं. माझ्या टेबलावरच्या जोडीदार मोठ्या बाई आणि मी. दोनशे चौदा पानांत एक चूक नाही. आणि त्यातली एक ओळ माझ्या डोक्यात नाही.

११ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला लेकीचा फोन. ठरलेला. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. जाऊन पाच महिने झाले. परीक्षा झाली म्हणाली. "कशी गेली?" "बरी." "जेवतेस ना?" "हो गं." चार मिनिटं. अभ्यासू मुलींना बोलायला वेळ कुठला!

माझी कालची फजिती सांगितली. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "तीन वेळा उतरवूनही नाही आठवलं?" मी म्हटलं, "माझं डोकं तुझ्यासारखं थोडंच आहे."

"हं," म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी मोठ्या बाईंकडे गेले. त्या निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलाला बसलो. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने छापलेल्या कागदावर बोट ठेवून तपासायचं. "नवा परिच्छेद, शेवटी स्वल्पविराम, निष्कर्ष असा की स्वल्पविराम." चूक सापडली की तपासणारी फक्त "थांब" म्हणायची. दुसरा शब्द नाही. कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला झापलं होतं. मी एका धड्यात रमले आणि दोन काने निसटले. "तू वाचतेयस," त्या म्हणाल्या होत्या. "वाचायचं नाही. बघायचं. अर्थाच्या मागे लागलीस की अक्षर सुटतं."

तेव्हापासून मी वाचलं नाही. चांगली तपासनीस झाले.

आज त्यांना दुसरं प्रकरण समजावून सांगितलं. समोरच्याला सांगता आलं म्हणजे आपल्याला आलं, असं शिकवणारी म्हणते. बाईंना आता डोळ्यांनी फार दिसत नाही, पण कान तसेच आहेत. मी म्हटलं, "कालबाह्य नोंदींची छाननी त्रैवार्षिक पद्धतीने करावी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुने कागद दर तीन वर्षांनी बघायचे."

"बघायचे म्हणजे काय करायचं?"

"कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे ते ठरवायचं."

"मग असं लिहायला काय झालं होतं त्यांना?" बाई म्हणाल्या. "आणि आपण हे तपासलं होतं?"

"अक्षर न अक्षर."

दोघी इतक्या हसलो की त्यांना पाणी द्यावं लागलं. निघताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात भाचा न्यायला येतो आहे. त्याच्याकडेच राहायचं आता. मी म्हटलं, "बरं झालं, सोबत होईल." त्या म्हणाल्या, "कुणाला?"

२४ जानेवारी, शनिवार

दुसरं प्रकरण पूर्ण आठवलं. पुस्तकात न बघता. सहा दिवसांनी.

म्हणजे उतरवून नाही आलं, बाईंनी चार वेळा "म्हणजे काय" विचारलं म्हणून आलं.

शिकवणारीने आज आणखी एक सांगितलं. आठवत नसेल तिथे काहीतरी भरू नका. जागा कोरी सोडा. आपल्याला काय येत नाही ते त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. पुढे गेल्यावर कधी कधी आपसूक आठवतं, नाही आठवलं तर दुसऱ्या दिवशी बघा. लगेच नाही. "थोडं अडू दे डोक्याला," म्हणाली.

मला कोरी जागा बघवत नाही. आमच्याकडे कोरी जागा म्हणजे गळलेला शब्द. हात शिवशिवतात.

मी त्यात माझी एक भर घातली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शुद्धिपत्र लावते. "अमुक ओळीत 'पाच वर्षे' ऐवजी 'सात वर्षे' वाचावे," तसं. फक्त पुस्तक बरोबर असतं आणि चूक माझी. शिकवणारीला दाखवलं तर पेन केसातून काढून तिने वर्गाला फळ्यावर लिहून दाखवलं. मशीनवाले भाऊ म्हणाले, "माझं शुद्धिपत्र पुस्तकापेक्षा जाड होईल."

३ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून सकाळी अकराला लेकीला फोन लावला. तिच्या ओळखपत्राचा कागद सापडला होता. पटकन उचलला. मागे काही आवाज नाही.

"तास नाही का गं?"

"रद्द झाला."

गेल्या मंगळवारीही रद्द झाला होता. त्या आधीही एकदा. पोरींच्या आयुष्याचा प्रश्न आणि यांना तास रद्द करायला काही वाटत नाही. कुठल्या तरी वरिष्ठांना पत्र लिहावं असं मनात आलं. लेक म्हणाली, "आई, प्लीज, काही लिहू नकोस."

८ फेब्रुवारी, रविवार

आज फोन जरा लांबला. तिने स्वतःहून विचारलं.

"आई, तू पहिल्यांदा नापास झालीस तेव्हा मला किती दिवसांनी सांगितलंस?"

"नऊ."

"नऊ दिवस काय करत होतीस?"

"कामावर जात होते. घरी आले की वही काढून उतरवत होते. परत पहिल्यापासून."

"आणि कुणालाच नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? भिंतीला?"

फोनमध्ये नुसती खरखर. तिचा फोन बिघडला आहे बहुतेक, मधेच आवाज जातो. मी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग म्हणाली, "ठेवते, रांग आहे." कसली रांग ते विचारायचं राहिलं.

आईच्या नापास होण्याची चौकशी करायची म्हणजे चेष्टाच. पण बरं वाटलं. सहा मिनिटं बोललो.

१५ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या बाई गेल्या. भाच्याने गाडी आणली होती. सामान दोन बॅगा आणि ती त्यांची उंच पाठीची खुर्ची, ती गाडीच्या टपावर बांधली. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पाचवं प्रकरण राहिलं."

मी म्हटलं, "फोनवर सांगेन." त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, हे दोघींना माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

शिकवणारीला विचारलं, ऐकणारं कुणी नसेल तर? ती म्हणाली, खुर्चीला सांगा. तिला काही वाटलं नसावं. तिच्या घरी बहुधा सगळ्या खुर्च्यांवर माणसं असतील.

लेकीची खुर्ची समोर ओढून घेतली. पहाटे साडेपाचला, कामाआधी. पाचवं प्रकरण: कागद कुणाला बघू द्यायचे, कुणाला नाही. सुरुवात केली आणि आवाज इतका मोठा वाटला की मी शेजारच्या भिंतीकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. खुर्ची प्रश्न विचारत नाही. "म्हणजे काय" सुद्धा मलाच म्हणावं लागतं, आणि उत्तरही मलाच द्यावं लागतं. लेकीचे बाबा याच टेबलाशी बसून मला म्हणायचे, "तू माझं ऐकतच नाहीस, नुसती बघत असतेस." ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. गेले म्हणजे दुसऱ्या घरी गेले, चांगले आहेत. पण 'गेले' म्हटलं की लोक हळहळतात आणि मी दुरुस्त करत नाही. आयुष्यात एवढी एकच चूक मी तशीच सोडते.

खुर्चीला पाचवं प्रकरण कळलं असावं.

२२ फेब्रुवारी, रविवार

फोन आला नाही. दहा, साडेदहा, अकरा. मी लावला तर बंद. परीक्षा जवळ आली असेल.

सराव परीक्षेत पन्नासपैकी एकतीस मिळाले. हे सांगायचं होतं.

५ मार्च, गुरुवार

लेक आली!

कामावरून आले तर दारात बसलेली. अचानक सुट्टी मिळाली म्हणाली, चार दिवसांची. दोन मोठ्या बॅगा, गुंडाळलेली गादी, टेबलावरचा दिवासुद्धा. चार दिवसांसाठी एवढं ओझं! मुलींना आवरून सामान बांधता येत नाही, सगळंच उचलून आणतात. बारीक झाली आहे. मी अंडी केली, पाव भाजला. तिने अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "आई, घर किती शांत आहे गं." मी म्हटलं, "तू नसतेस ना."

खुर्ची जागेवर ठेवली. आज तीत माणूस बसलं.

७ मार्च, शनिवार

हे लिहायला हात वळत नाही. पण न बघता जे आठवेल ते लिहायचं, असं ठरलं आहे.

आज मी वर्गाला गेले नाही. सकाळी ती अंघोळीला गेली असताना टेबलावर तिच्या वह्या दिसल्या. कौतुकाने उघडल्या. शीर्षकं लाल शाईत. अक्षर माझं. म्हणजे तिचंच, पण माझ्याकडे बघून घडलेलं, 'क'चा तोच डोळा, 'ल'ची तीच गाठ. मूत्रपिंडाचा धडा एकदा उतरवलेला. पुढे परत तोच धडा. पुढे परत. मी मोजलं. सात वेळा. एक चूक नाही.

ती ओले केस पुसत आली. मला कसं सुचलं ते माहीत नाही. मी वही मिटली आणि म्हटलं, "मूत्रपिंड काय करतं ते सांग बघू."

ती उभी राहिली. केसातून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"धडा डावीकडच्या पानावर सुरू होतो," ती म्हणाली. मग खाली बसली.

पाचपैकी तीन विषय गेले आहेत. डिसेंबरातच गेले. जानेवारीपासून ती तासांना जात नव्हती, खोलीत बसून वह्या उतरवत होती. वीस एप्रिलला फेरपरीक्षा आहे, त्यात नापास झाली तर जागा जाते. ती परत जाणारच नव्हती. म्हणून गादी.

"अगं मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नऊ दिवस लावलेस. मी तुझ्यावर गेले, जास्त लावले."

"हे असं उतरवत बसायला कुणी सांगितलं तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"आई, तूच. दहा वेळा लिही, चुकलं तर परत पहिल्यापासून. मला दुसरं काही येतच नाही."

८ मार्च, रविवार

ती झोपली आहे. उजाडल्यापासून टेबलाशी बसले आहे.

ती आठ वर्षांची होती. बाबा नुकतेच गेले होते. मला वाटायचं, हिच्या वहीत खाडाखोड दिसली तर लोक म्हणतील, घरात लक्ष द्यायला कुणी नाही. रोज संध्याकाळी मी तिला समोर बसवायची. एक पान दहा वेळा. नवव्यांदा चुकलं तर परत एकपासून. ती रडायची नाही. एकदा तिने विचारलं होतं, "आई, नदी उलटी का नाही वाहत?" धडा नदीचा होता. मी म्हटलं होतं, "ते धड्यात नाहीये. लिही."

शाळेत सगळ्यांना तिची वही दाखवायचे. दहावीपर्यंत तेवढ्यावर निभलं. धड्याखालचे प्रश्न तेच, उत्तरं तीच.

त्या रविवारी फोनची खरखर नव्हती ती, रडणं होतं.

शुद्धिपत्र: या वहीत ११ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ८ फेब्रुवारी, २२ फेब्रुवारी आणि ५ मार्च इथे जे लिहिलं आहे ते चूक आहे. सगळं समोर होतं. मी बघत होते, वाचत नव्हते.

१० मार्च

सांगून बघितलं. पुस्तक मिटून सांगणं, कोरी जागा, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी. ती म्हणाली, "आता नवीन आणलंस का? दहा वर्षं एक आणि आता दुसरं?" आणि आत गेली.

बरोबर बोलली. मी तिच्या जागी असते तर वही फेकून मारली असती.

११ मार्च

पहाटे खुर्ची समोर ओढली. लेक आत झोपलेली, म्हणून कुजबुजत सहावं प्रकरण सांगायला घेतलं. "ओल लागलेले कागद उन्हात ठेवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, एकेक वेगळा करून..."

"का?"

ती दारात उभी होती, पांघरूण घेऊन.

"काय का?"

"उन्हात का नाही? लवकर वाळतील की."

मला माहीत नव्हतं. पुस्तकात कारण दिलेलं नाही. मी तसंच सांगितलं. ती खुर्चीत येऊन बसली, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "ओला कागद एकदम वाळला तर आक्रसत असेल. वाकडा होत असेल, चिरत असेल. कातडीचं तसंच होतं." मग जरा थांबून, "तू खुर्चीला सांगतेस?"

"दुसरं कोण आहे?"

मग ती उठली आणि चहा ठेवला.

१३ मार्च

आज तिची पाळी. मूत्रपिंड. मी झाले काही न येणारी बाई, खरंच काही येत नाही, त्यामुळे सोपं गेलं.

"रक्त गाळलं जातं," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... रक्तातलं पाणी, क्षार, साखर, असं सगळं आधी बाहेर काढलं जातं."

"सगळं? चांगलंसुद्धा?"

"हो. आणि मग पुढच्या नळीत जे लागेल ते परत घेतलं जातं. साखर तर सगळीच." ती थांबली. "आई, किती उलटं आहे ना. काय टाकायचं ते शोधत नाही. सगळं टाकतं आणि ठेवायचं ते शोधतं." तिचा चेहरा असा झाला, जसा त्या नदीच्या वेळी झाला असेल. तेव्हा मी बघितला नव्हता.

पुढे एका ठिकाणी अडली. शब्द तिच्या पुस्तकातून मला दिसत होता, समोरच उघडं होतं. ओठावर आला. तिने हात वर केला. "सांगू नकोस."

नाही सांगितला. अशा वेळी हात कुठे ठेवायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळच्या गाडीने गेली. चुकलेले तास भरून काढायचे तर जायलाच हवं. मी म्हटलं होतं, परीक्षेपर्यंत इथेच राहा, मी रोज ऐकेन. ती म्हणाली, "मग परत तुझंच अक्षर होईल."

गादी नेली, दिवा नेला. सात वेळा उतरवलेली वही टेबलावर ठेवून गेली. नष्ट करायची की ठेवायची, ते सांगितलं नाही. मी सध्या दुसऱ्या वर्गात ठेवली आहे, ठरावीक वर्षं.

२८ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. तीन तास, दहा प्रश्न. आठ लिहिता आले. नववा अर्धा. सातव्यात विचारलं होतं, 'नष्ट केलेल्या कागदांची नोंद कुठे करावी?' आठवेना. पूर्वी असतं तर भारदस्त दोन ओळी ठोकून दिल्या असत्या, असल्या ओळी मला भरपूर येतात. जागा सोडली. दहावा लिहून परत आले, तेव्हाही आठवलं नाही. कोरीच ठेवून दिली.

मशीनवाले भाऊ बाहेर भेटले. "ताई, आज अक्षर कसं होतं?"

"वाईट," मी म्हटलं. "वेळच नव्हता."

"मग पास."

३१ मार्च, मंगळवार

तपासणी खात्याचा शेवटचा दिवस. टेबल उद्या हलवतील. मोठ्या बाई बसायच्या त्या बाजूला लाकूड कोपराने झिजून गुळगुळीत झालं आहे, माझ्या बाजूला बोटाने. शेवटचा कागद एका कारखान्याच्या अहवालाचा होता. वाचणारं कुणी नव्हतं म्हणून मीच वाचला, मीच तपासला. पहिल्यांदाच अर्थ कळला. त्या कारखान्यात वर्षभरात अठरा माणसं सोडून गेली होती आणि का गेली ते कुणी लिहिलं नव्हतं. दोन काने निसटले, ते नंतर सापडले.

११ एप्रिल, शनिवार

शंभरपैकी बावन्न. पन्नास लागतात.

वरच्या मजल्यावर सोमवारपासून. घर राहिलं. मशीनवाले भाऊ एकोणसाठ गुणांनी पास, माझ्यापेक्षा सातने जास्त, पेढ्यासारखं तोंड करून फिरत आहेत. शिकवणारीने सगळ्यांशी हात मिळवले आणि तिचं पेन माझ्या टेबलावर विसरून गेली.

मोठ्या बाईंना फोन केला. "पास झाले," असं तीनदा ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "भात झाला? बरं, जेव मग."

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बावन्न?" आणि मग, "आई, ती कोरी जागा मिळाली का तुला नंतर?"

मिळाली होती. वेगळ्या वहीत नोंद करायची. काय नष्ट केलं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. ती वही मात्र कायम ठेवायची.

१९ एप्रिल, रविवार

उद्या तिची परीक्षा.

दहाला फोन वाजला. मी खुर्चीवर बसले होते, तिच्या. "जेवतेस ना" विचारणार होते, तर ती म्हणाली, "पुस्तक मिटलंय. ऐक."

मी ऐकलं. मूत्रपिंड नव्हतं, हृदय होतं. रक्त कुठून येतं, कुठल्या झडपेतून जातं, फुप्फुसाला जाऊन परत कुठे येतं. वाक्यं तुटकी होती, मधेच "नाही, थांब" म्हणून मागे जात होती, विरामचिन्हांचा पत्ता नव्हता. इतकं अशुद्ध तिने माझ्यासमोर कधी काही म्हटलं नव्हतं. मला काही कळत होतं, काही नव्हतं. दोनदा मी "म्हणजे काय" म्हटलं.

मग एका ठिकाणी ती अडली. डाव्या बाजूची झडप, तिचं नाव. सोमवारी तिने मला सांगितलं होतं, मला आठवत होतं.

तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. इकडे नळ ठिबकत होता. तिचा श्वास, मग तोही नाही. पूर्वी मी "हॅलो" म्हटलं असतं. टेबलावर हात उपडे ठेवले आणि बसून राहिले. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, ती बघितली.



बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हां. सांगते."